कोंबड्यांच्या खाद्यातल्या अळ्यांबद्दल

ग्रुपवर फिरतंय की पोल्ट्रीवाले कचऱ्यातल्या घरमाशीच्या अळ्या कोंबड्यांना घालतात, चिकन-अंडी खाऊ नका. असं नाहीये हो. ती घरमाशी नाही, ब्लॅक सोल्जर फ्लाय आहे, काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते पण चावत नाही, मोठी झाली की जवळपास काही खातच नाही त्यामुळे आपल्या ताटावर येऊन बसत नाही, आठ-दहा दिवसांत अंडी घालून मरते. खाणारी काय ती अळी, भाजीपाल्याचा ओला कचरा दोनेक आठवड्यांत फस्त करते, मग काळपट पडते आणि स्वतःच कोरड्या जागेकडे सरकत बाहेर येते, तिथेच गोळा करायची. वाळवली की साधारण ४० टक्के प्रोटीन, आणि गावठी कोंबडी उकिरडा उकरून किडेच तर खाते ना! युरोपात २०१७ला माशांच्या आणि २०२१ला कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटक-प्रोटीनला परवानगी मिळाली.

पण "कुठलाही कचरा चालतो" हे पण चूक, प्लीज लक्षात घ्या. कचऱ्यात कॅडमियमसारखे जड धातू असले तर ते अळीत साठतात. युरोपात हॉटेलचं खरकटं, शेण, मैला अळ्यांना घालायला बंदीच आहे. त्यामुळे अळ्या विकणाऱ्याला आधी हेच विचारा, अळ्यांना काय खायला घालता?