‘शरीरच बनवतं, मग भीती कसली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार तासगावकर,

माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन पुरुषाचं शरीरही बनवतं. मग चुलतभावानं केसांसाठी त्याची क्रीम लावली, झोपेसाठी कॅप्सूल घेतली तर बिघडलं कुठं? आणि मी मेडिकलवाला, म्हणून उगाच भीती घालतो.

पहिला मुद्दा मान्य. मी ‘बायकांचं हार्मोन’ लिहिलं, ती चूकच. पुरुषाच्या वृषणात आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत ते बनतं, त्यातून पुढं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही होतं. शुक्रजंतूला स्त्रीबीजापाशी शेवटचा जोर येतो तोही बीजाभोवतीच्या पेशींतल्या प्रोजेस्टेरॉनमुळंच.

पण कृष्णेचं पाणीही आपलंच की! सांगलीच्या आयर्विन पुलाशी 45 फुटांना धोका पातळी. 2019 ला ते 57 च्या वर गेलं, तेव्हा गावभागात कुणी ‘आपलंच पाणी’ म्हणत बसलं नाही. पुरुषाच्या रक्तात हे हार्मोन मिलिलिटरला साधारण 1 नॅनोग्रॅमच्या आत असतं. बाहेरून भरपूर भर पडली की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच, एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं कमी करते. वृषणांना हुकूमच जात नाही. टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा मावळते, शुक्रजंतू घटतात. याच गुणावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक जेल तपासलं जातंय: नेस्टोरोन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध, सोबत टेस्टोस्टेरॉन, खांद्याला चोळायचं. टेस्टोस्टेरॉन वरून द्यावं लागतं, कारण स्वतःचं बंद पडलेलं असतं.

क्रीममधून रक्तात किती उतरेल याचा भरवसा नाही, कमीच उतरत असेल. पण मग तिच्यावर एवढा विश्वास तरी कशाला? टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे टक्कल पाडणारं हार्मोन बनवणारं एन्झाइम प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉननं अडतं, हे खरं. टकलावरची मान्य औषधं मात्र मिनोक्सिडिल आणि फिनास्टेराइड.

झोप येते, यात वाद नाही. पोटातून घेतलं की यकृतात त्याचं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य होतं, ते झोपेच्या गोळ्यांसारखंच मेंदूला गुंगवतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं बायकोच्या गरोदरपणातल्या उरलेल्या 200 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सुरू केल्या. चौथ्या दिवशी सकाळी गाडीवर डुलकी लागून उसाच्या सरीत गेला. वाचला, वर दुकानात येऊन आणखी एक पाकीट मागू लागला! चिठ्ठीशिवाय दिलं नाही, तेव्हापासून तो पलीकडच्या दुकानात जातो. धंद्याचं म्हणाल तर एवढंच.

चुलतभावाचं मागच्या वर्षी लग्न झालं आणि मूल हवंय, असं तुम्हीच लिहिलंत. वीर्य तपासायला जाताना त्यानं ती क्रीमची ट्यूब आणि कॅप्सूलचं पाकीट खिशात घालून न्यावं, डॉक्टरांनी न विचारताच टेबलावर ठेवावं.