शेवटी कोण बाहेर पडलं, हे घरात विचारू नका

चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात चोरी झाली की पोलीस यायच्या आधीच चौकशी सुरू होते. "शेवटी कोण बाहेर पडलं?" हा पहिला प्रश्न. "दार नीट ओढलं होतंस ना?" हा दुसरा. तिसरा कुणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांच्या नजरेत असतो: परवा तुझ्याकडे आलेला तो मित्र नक्की कोण?

माझं स्पष्ट मत आहे की यातला एकही प्रश्न त्या संध्याकाळी घरातल्यांनी एकमेकांना विचारू नये. पोलिसांनी जरूर विचारावेत, ते त्यांचं काम आहे, आणि त्यांना खरं तेच सांगावं. आपण विचारून मात्र हाती काहीच लागत नाही. चोर निवांत, आणि ज्याचं लेक्चर उशिरा होतं म्हणून तो शेवटी निघाला त्याच्या डोक्यावर खापर. आम्ही राहत होतो त्या घरात हेच झालं. कुलपावर साधा ओरखडा नव्हता, म्हणजे शेवटी निघालेल्या मुलीने दार उघडं टाकलं असणार, असं ठरूनच गेलं. दार किल्लीनेही उघडलं असू शकतं, ही शक्यता कुणी बोललंच नाही. लॅपटॉप, फोन पुढे सगळ्यांनी नवे घेतले. ती मुलगी मात्र सेमिस्टर संपायच्या आत खोली सोडून गेली.

आता किल्ल्यांचंच बघा. अशा घरात दरवर्षी माणसं बदलतात, कुलूप तेच राहतं. मागच्या वर्षीचा भाडेकरू आपली किल्ली परत देतो, पण तिची प्रत काढली होती का, हे त्याला कुणी विचारत नाही. कुणाच्या मैत्रिणीकडे एक, कामाला येणाऱ्या बाईंकडे एक, एजंटकडे एक, आणि एक कुंडीखाली, 'कुणालाच माहीत नसलेली'. घरात राहणारे पाच आणि किल्ल्या किती, याचा हिशेब कुणीच देऊ शकत नसेल, तर त्या दिवशी शेवटी कोण बाहेर पडलं याला फारसा अर्थ उरत नाही. याचा विम्याशीही थेट संबंध आहे, बरं का. सामायिक घरासाठीच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नसेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. म्हणजे चोर किल्लीने आत आला, की वस्तूही गेली आणि दावाही गेला. पॉलिसी घेताना ही ओळ शोधून वाचा.

मग त्या संध्याकाळी करायचं काय? पहिलं म्हणजे, आत कुणी असल्याची जराशीही शंका असेल तर आत जाऊ नका, बाहेरूनच पोलिसांना फोन करा. दुसरं, आवरायला घेऊ नका. अस्ताव्यस्त खोली बघवत नाही, हात शिवशिवतात, पण पोलिसांनी पाहीपर्यंत कपाटं, खणांच्या मुठी, खिडकीच्या चौकटी यांना हात लावू नका. फोटो काढा. आणि प्रत्येकाने आपापल्या खोलीची यादी स्वतः करावी. घरातल्या कुणी उत्साही माणसाने सगळ्यांची मिळून एकच यादी केली की निम्म्या गोष्टी राहतात. पासपोर्ट, मूळ प्रमाणपत्रं, बँकेची कार्डं आधी तपासा. त्यांची आठवण फार उशिरा होते, आणि तक्रारीत त्यांची नोंद नसेल तर पुढे प्रत्येक कार्यालयात खेटे घालावे लागतात.

फोन गेला असेल तर सिम लगेच बंद करून घ्या, कारण ओटीपी त्याच सिमवर येतात. फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक, १५ आकडी असतो, आणि दोन सिमच्या फोनला सहसा दोन असतात. तो बिलावर आणि खोक्यावर छापलेला असतो. खोकं केव्हाच रद्दीत गेलेलं असलं तरी गूगल किंवा ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत सापडू शकतो. दुसऱ्याच्या फोनवरून फोन 'हरवलेला' म्हणून लॉक करा, पण खात्यातून काढून टाकू नका. काढलात की त्यावरचं कुलूपही निघतं आणि चोराचं काम सोपं होतं. काही दिवसांनी 'तुमचा फोन सापडला आहे, इथे लॉगिन करा' असा मेसेज येऊ शकतो. तो बहुतेक वेळा चोराच्याच बाजूने आलेला असतो, त्याला पासवर्ड हवा असतो. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून चौघांनी मिळून तिकडे धाव घेऊ नका. ठिपका पोलिसांना दाखवा.

लॅपटॉपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लॉगिनचा पासवर्ड आहे म्हणजे आतलं सुरक्षित, असं नसतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतली माहिती सांकेतिक रूपात बदलून ठेवलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फाइली वाचता येतात. म्हणून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि सगळीकडून 'साइन आउट' करा. बॅकअपबद्दल मी भाषण देणार नाही. फक्त एवढंच, की आमच्या घरात सर्वात जुना, सर्वात स्वस्त लॅपटॉप ज्याचा होता त्याचंच नुकसान सर्वात मोठं झालं, कारण त्याच्या प्रबंधाची एकमेव प्रत त्यात होती. यादीत मात्र त्याच्या नावापुढचा आकडा सर्वांत छोटा.

यानंतरचे काही आठवडे घर जास्त धोक्यात असतं. वीज एकाच जागी दोनदा पडत नाही, या समजुतीवर लोक निर्धास्त होतात, पण चोरीच्या बाबतीत उलट आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात घरफोड्यांवर एक प्रकल्प झाला. ज्या घरात एकदा चोरी झाली तिथे पुन्हा होण्याची शक्यता इतर घरांपेक्षा बरीच जास्त, असं तिथे दिसलं. म्हणून त्यांनी सगळी वसाहत सोडून नुकत्याच फोडलेल्या घरांवर भर दिला. कुलपं मजबूत केली, नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले (त्यात साठलेल्या रोकडीवर चोरांचा डोळा असे), आजूबाजूच्या शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. चोऱ्या खूप घटल्या. कारण सरळ आहे: चोराला घराची रचना कळलेली असते, आणि थोड्याच दिवसांत नव्या वस्तू येणार हेही त्याला ठाऊक असतं. आपण तर नव्या लॅपटॉपचं चकचकीत खोकं दाराबाहेर कचऱ्यात ठेवून त्याला तसं कळवतोच.

तेव्हा कुलूप बदलणं हे पहिल्याच आठवड्यातलं काम आहे. त्याचा खर्च माझ्या मते घरमालकाचा. तो देत नसेल तर सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा, "माझं तर काहीच गेलं नाही" म्हणणाऱ्यानेसुद्धा. दार त्याचंही आहे. जे गेलंय त्याची भरपाई मात्र वर्गणीतून करू नये, त्यातून नुसती भांडणं होतात. अपवाद सामायिक पैशांतून घेतलेल्या वस्तूंचा.

घरमालकाशी तोंडी बोलू नका, लेखी लिहा. तक्रारीची प्रत जोडा, करारातलं दुरुस्तीचं कलम दाखवा, कुलूप केव्हा बदलणार याची तारीख मागा. आमचा घरमालक फोनवर "बघू, बघू" करत होता. मेल गेला तसा दुसऱ्याच दिवशी किल्लीवाला दारात हजर. घरमालकाने जाता जाता नव्या कुलपाची एक जादा किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली. मग आम्ही त्या किल्लीबद्दलही मेल लिहिला.