गढीले खिया चालत नाई

कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, पाहून आलेला माणूस गावात मोकळा सोडणं धोक्याचं आहे. तिथं 2012 पासून मसाल्याच्या व्यापाराच्या जुन्या वास्तूंत चित्रं आणि मांडणशिल्पं लावतात, हे आमच्या चित्रकार मित्राने डोळ्यांनी पाहिलं आणि येताच जाहीर केलं, "वखारी त्यांच्याकडे, तर गढ्या आपल्याकडे!" मला शुद्ध मराठीत अर्ज लिहिता येतो, एवढ्या गुन्ह्यासाठी संयोजक म्हणून माझं नाव पत्रिकेत छापलं गेलं.

आधी नजर बाळापूरच्या किल्ल्यावर होती. अचलपूरच्या नवाबाने 1757 मध्ये पुरा केलेला, भक्कम विटांचा. मग कोणीतरी 1958 चा कायदा वाचला. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी, पुढचे 200 मीटर परवानगीशिवाय वीट हलवायची नाही. आमचं बांधकाम नव्हतंच, पण ते कोणाला पटवायचं? एका कार्यालयात अर्ज नेला तर बाबूने विचारलं, "लग्न हाय का सप्ता?"

"प्रदर्शन."

"कृषी?"

"कला."

त्याने अर्ज उलटून मागची कोरी बाजूही वाचली. नजर मुकाट खाली आली ती खाजगी मालकीची एक गढी, बंद पडलेलं जिनिंग आणि गावकुसाबाहेरची पायविहीर यांच्यावर.

गढी पांढऱ्या मातीची. तिचा एक बुरूज गावाने टोपल्याटोपल्यांनी वावरात नेऊन टाकलेला. उरलेल्या भिंतींबद्दल मालक दादासाहेब मात्र कडक. "खिया ठोकाचा नाई. एक खिया ठोकला का पायलीभर माती येते." मग चित्रं टांगायला बिछायत केंद्रातून लोखंडी पाइप आणले. पाइपांसोबत गुलाबी साटिनची झालर आली, कारण बिछायतवाल्याला ती लावल्याशिवाय घरी जाववेना. "भाऊ, बिना झालरीचं मयतीवानी दिसते." चित्रं सगळी काळी-करडी, अमूर्त. झालरीखाली ती रुसलेल्या व्याह्यांसारखी ओळीने उभी राहिली. मला विचाराल तर चित्रांना झालरीची गरजच होती, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

पायविहिरीत ध्वनीचं मांडणशिल्प होतं. तळाशी स्पीकर, त्यातून पाणी भरणाऱ्या बायांचे उसासे. वीज शेजारच्या शेतातल्या मोटारीच्या कनेक्शनवरून घेतली आणि तिथंच सगळं फसलं. शेतीच्या फिडरला त्या आठवड्यात लाइन रात्रीची होती. दिवसभर पाहुणे पायऱ्या उतरून पारव्यांची घुमघुम ऐकत आणि माना डोलवत परत जात. मध्यरात्री लाइन आली आणि विहीर उसासे टाकू लागली. हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला एक गडी बॅटरी तिथंच टाकून पळाला. सकाळी पाहतो तर वरच्या पायरीवर लिंबू, नारळ, हळदकुंकू आणि एक उकडलेलं अंडं. हे मांडणशिल्प करणाऱ्या बाई घाबरतील म्हणून मी ते उचलायला वाकलो, तर त्या ओरडल्या, "हात लावू नका! हाच तर लोकसहभाग!" आणि अंड्याचे फोटो काढत बसल्या. नारळ रोज वाढत गेले. ते दुपारी कोण नेत होतं, याची चौकशी कोणी केली नाही.

जिनिंगमध्ये फारसं काही घडलं नाही, एक गोष्ट सोडली तर. तिथं कापसाचा भलामोठा गुंता छताला टांगलेला, खाली किमतीची चिठ्ठी : 65,000. धोतरातल्या एका म्हाताऱ्याने चिठ्ठी वाचली, बोटांवर हिशेब केला. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110.

"म्हंजे आठ क्विंटलचे पैसे. वजन किती असन याचं?"

"तीनेक किलो," शिल्पकार म्हणाला.

म्हाताऱ्याने गुंत्याला हात लावला, बोंड चिमटीत धरून धागा ओढून पाहिला. "वलाबी हाय."

शिल्पकाराने मग शेतकऱ्याची व्यथा, कर्जाचा गुंता, लटकतं आयुष्य असं सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते मले माईत हाय बापा. याले ग्रेड कोनं लावला, ते सांग."