दाजींचा अँगल

"फक्त अँगलच तर बदलायचाय," असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात एकदा माउस द्यावा आणि आपण खोलीला बाहेरून कडी घालावी.

मी घरांचं डिझाइन करतो आणि कॉम्प्युटरवर त्यांचं थ्रीडी मॉडेल उभारतो. काल क्लायंट त्यातला बेडरूमचा व्ह्यू पसंत करायला आले. सोबत त्यांचे दाजी. दाजी काय करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण बांधकामातलं त्यांना फार कळतं असं क्लायंटचं मत होतं. दाजींचं तर होतंच. त्यांनी खुर्ची ओढून थेट माझ्या खांद्यामागे मांडली.

"जरा मागे घ्या."

घेतलं.

"अजून."

"मागे भिंत आहे, दाजी."

"मग भिंतीच्या मागे घ्या."

घेतलं. स्क्रीनभर राखाडी प्लास्टर.

"ही भिंत कशाला दाखवताय?"

आता खोली १० बाय ११ची. मॉडेलमधल्या कॅमेऱ्याचा कोन ३५ अंश ठेवला, तर १० फुटांवरून समोरची जेमतेम सव्वासहा फूट भिंत दिसते. कोन ९० अंशांवर नेला की खोली एकदम दिवाणखान्याएवढी होते. जाहिरातीतली घरं अशीच ऐसपैस होतात. मी कोन वाढवला. दाजी खूश झाले, पण क्षणभरच.

"हा पलंग एवढा लांब? यावर झोपणार कोण?"

रुंद कोनात कडेच्या वस्तू ताणल्या जातात, हे मी समजावलं. दाजींनी "हं" केलं. ते "हं" मला अजून बोचतंय.

मग ते वाकले. खुर्चीतून पुढे झुकून, मान वाकडी करून, स्क्रीनच्या खालच्या कडेतून वर बघायला लागले. मला वाटलं, काही पडलं. तर म्हणाले, "पलंगाखाली स्टोरेज दिलंय का, ते दिसत नाहीये." नंतर कपाटामागची जागा बघायला डावीकडे कलले. क्लायंटही कलले. स्क्रीन सपाट असते, हे दोन कर्त्या माणसांना कसं सांगायचं? मी मुकाट्यानं मॉडेल फिरवलं. फिरवल्याबरोबर उभ्या रेषा ताठ ठेवणारं टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह गेलं आणि इतका वेळ ताठ उभ्या असलेल्या भिंती तिरक्या झाल्या.

"भिंती ओळंब्यात नाहीत," दाजी क्लायंटला हळूच म्हणाले. मला ऐकू जाईल इतकंच हळू.

फ्लोरेन्सचा वास्तुकार ब्रुनेलेस्की सुखी माणूस. पंधराव्या शतकात त्यानं तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका पाटीवर काढलं आणि चित्रालाच एक भोक पाडलं. बघणाऱ्यानं पाटीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचं. भोक एकच, म्हणजे उभं राहायची जागाही एकच. शिवाय एका हातात पाटी, दुसऱ्या हातात आरसा, म्हणजे बोट दाखवायची सोयच नाही! पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे सपाट चित्रात जवळ-लांब दाखवायचं गणित मोठं खरंच, पण मला त्याची ही बैठकव्यवस्था जास्त थोर वाटते.

आमच्याकडे मात्र माउसचं चाक फिरवलं की कॅमेरा भिंतीपाशी मुंगीच्या पावलांनी सरकत जातो आणि अचानक आरपार होऊन शेजारच्या बाथरूममध्ये उगवतो. सगळं एकदम दिसावं म्हणून झूम एक्स्टेंट्स दाबावं, तर मैलभर लांब कुणीतरी सांडलेलं एक झाड मॉडेलमध्ये निघतं आणि अख्खं घर ठिपक्याएवढं होतं. "हे काय आता?" दाजी. मी झाड शोधून काढलं. या शोधाशोधीचे पैसे कुठल्या बिलात लावायचे? डिझाइनचे पैसे मिळतात, थ्रीडीचे घासाघीस करून का होईना मिळतात. बाकी संध्याकाळ "फक्त अँगल" या सदरात फुकट जाते. आणि मनाजोगता व्ह्यू हवा असतो तो नेमका जिथे कुणी कधी उभं राहणार नाही अशा जागेवरून. मग ताबा मिळाल्यावर फोन येतो : चित्रात तर मोठी वाटत होती खोली.

शेवटी दाजींचंच ऐकलं. मधली भिंत हाइड केली, कॅमेरा पार पॅसेजमध्ये नेला, डोळ्याची उंची साडेपाच फुटांवरून थेट छताजवळ. मोकळीढाकळी, प्रशस्त खोली. दाजींनी मान डोलावली, क्लायंटनी फोटो काढून घरी पाठवला. दोन मिनिटांत वहिनींचा फोन, स्पीकरवर :

"छान आहे हो, पण या खोलीला दार कुठाय?"

दार अर्थातच हाइड केलेल्या भिंतीत होतं. मी तोंड उघडेपर्यंत दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "मी मघापासून तेच विचारणार होतो."