खालच्या ईवर पेडल फसतंच!

सोलापुरात गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या कार्यक्रमाची तालीम, सात रस्त्याजवळची खोली, आणि पुन्हा तेच! बेस गिटारची खालची ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, छेडली की ऑक्टेव्ह पेडल (वाजवलेल्या सुराला एक सप्तक खालचा सूर जोडणारं, पायाशी ठेवायचं यंत्र) खर्रर्र करत भलत्याच सुरावर उडी मारतं. अहो, ती तारच मुळात ४१ हर्ट्झची. एक सप्तक खाली म्हणजे त्याचे निम्मे, साडेवीस, ते आमच्या स्पीकरमधून येणार कुठून? त्यात या तारेत मूळ सुरापेक्षा वरचे उपस्वरच जोरात असतात, मग लाटा मोजून निम्म्या करणारं अ‍ॅनालॉग सर्किट गोंधळणारच. दोन तारा एकत्र वाजल्या तर विचारूच नका.

टोन नॉब पूर्ण खाली घेतला, बाकीच्या तारा तळहाताने दाबल्या, गिटारच्या मानेवरच्या सातव्या फ्रेटच्या (आडव्या पट्टीच्या) वर सरकलो, तेव्हा कुठे सूर टिकला. आणि ड्रमवाला म्हणतो, "खालीच वाजव की बे, जड वाटतंय!" किती वेळा सांगू, खाली ते पेडल सूर पकडतच नाही!