सॅन फ्रान्सिस्कोचे रिकॉल उजव्यांनी घडवले, हा दावा का टिकत नाही

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी शहराच्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या, लोकनियुक्त शिक्षण मंडळातील तीन सदस्यांना ‘रिकॉल’ने, म्हणजे लोकप्रतिनिधीला परत बोलावण्यासाठी होणाऱ्या मतदानाने, मुदत संपण्यापूर्वीच पायउतार केले. ॲलिसन कॉलिन्स यांना हटवण्याच्या बाजूने सुमारे ७६ टक्के, मंडळाच्या अध्यक्ष गॅब्रिएला लोपेझ यांना हटवण्याच्या बाजूने सुमारे ७२ टक्के आणि फाऊगा मोलिगा यांना हटवण्याच्या बाजूने सुमारे ६९ टक्के मते पडली. तेव्हापासून या निकालाचे एक ठरीव स्पष्टीकरण फिरते आहे. अब्जाधीशांच्या पैशावर उजव्यांनी पुरोगामी मंडळ उलथवले, त्यासाठी नेमके गौरेतर सदस्य हेरले, महामारीचे खापर त्यांच्या माथी फोडले आणि कमी मतदानाचा फायदा उठवला, असे ते स्पष्टीकरण सांगते.

पहिला मुद्दा उजव्यांचा. या शहरात २०२० मध्ये बायडन यांना सुमारे ८५ टक्के मते मिळाली होती. त्याहून बोलका पुरावा सप्टेंबर २०२१ चा आहे. राज्यपाल गॅविन न्यूसम यांना हटवण्याची राज्यव्यापी मोहीम खरोखरच रिपब्लिकन पाठबळावर उभी होती आणि तिला याच शहरातील सुमारे ८६ टक्के मतदारांनी नकार दिला. रिकॉल हे हत्यारच ज्यांना उजव्यांचे वाटत होते, त्याच मतदारांनी पाच महिन्यांनी ते स्वतःच्या हातात घेतले, याचा अर्थ त्यांची विचारसरणी बदलली असा लावता येत नाही. तेव्हाच्या डेमोक्रॅट महापौर लंडन ब्रीड यांनीही या रिकॉलला उघड पाठिंबा दिला होता.

‘गौरेतर सदस्य निवडून हेरले’ या आरोपाचे उत्तर शहराच्या सनदेतच, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ कायद्यातच, आहे. पदावर सहा महिने पूर्ण न झालेल्या लोकप्रतिनिधीविरुद्ध रिकॉलची प्रक्रिया सुरू करता येत नाही. मोहीम फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली. सात सदस्यांपैकी चौघे नोव्हेंबर २०२० मध्ये निवडून किंवा फेरनिवडून येऊन जानेवारीत पदावर बसले होते, म्हणजे ते कक्षेबाहेर होते. उरले ते २०१८ मध्ये निवडून आलेले हे तिघे. मोलिगा यांच्यावर लोकांचा राग तुलनेने कमी होता आणि मतांची टक्केवारीही तेच सांगते. पण मोहिमेला निवडीची मुभाच तिघांपुरती होती.

महामारीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. शाळा कधी उघडायच्या हे मंडळ एकट्याने ठरवू शकत नव्हते; शिक्षक संघटनेशी वाटाघाटी, आरोग्य विभागाच्या अटी, जुन्या इमारतींतील हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न हे सगळे आड येत होते. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये शहर प्रशासनाने आपल्याच शहरातील शालेय प्रशासनाला शाळा उघडण्यासाठी न्यायालयात खेचले. माझ्या मते, पालकांचा संताप शाळा बंद होत्या एवढ्यापुरता नव्हता. त्या बंद असताना मंडळ आपला वेळ कशावर घालवत होते, यावर तो होता.

जानेवारी २०२१ अखेरीस मंडळाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी केला. त्या यादीत वॉशिंग्टन आणि लिंकन होते, तेव्हा हयात असलेल्या सिनेटर डायॲन फाइनस्टाइनही होत्या. नामांतराची मागणीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही, कारण गुलाम बाळगणाऱ्यांची नावे शाळांवर असावीत का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. मात्र काम कसे झाले ते पाहावे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील नायक पॉल रिव्हिअर यांचे नाव वगळताना १७७९ च्या पेनॉब्स्कॉट मोहिमेचा दाखला घेतला गेला आणि ती पेनॉब्स्कॉट आदिवासींची भूमी बळकावण्याची मोहीम असल्याचे मानले गेले. प्रत्यक्षात ती ब्रिटिश सैन्याविरुद्ध होती. एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाला विचारले असते तरी हे कळले असते. एप्रिलमध्ये ठराव मागे घ्यावा लागला.

९ फेब्रुवारी २०२१ ची बैठक तर जशीच्या तशी पाहण्यासारखी आहे. शाळा अजून ऑनलाइन होत्या. पालकांच्या सल्लागार समितीत एका समलिंगी गोऱ्या वडिलांची बिनपगारी नेमणूक करायची की नाही, यावर मंडळाने सुमारे दोन तास घालवले आणि शेवटी नेमणूक केली नाही. त्याच बैठकीत लोवेल हायस्कूलचा गुणवत्तेवर आधारित प्रवेश बंद करून सोडत लागू करण्याचा निर्णय झाला. लोवेलमध्ये तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थी आशियाई वंशाचे, त्यांतले कितीतरी साध्या कमाईच्या घरांतले. मुलाने लोवेलला जावे म्हणून चिनी कुटुंबे वर्षानुवर्षे धडपडत आलेली. सोडत न्याय्य की गुणवत्ता न्याय्य, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. परंतु विषयपत्रिकेत पुरेशी सूचना न देता निर्णय रेटल्याबद्दल न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो रद्द ठरवला, त्याला मतभेद म्हणता येत नाही. मार्चमध्ये कॉलिन्स यांची आशियाई अमेरिकनांविषयीची २०१६ ची अपमानास्पद ट्वीट्स उघड झाली. मंडळाने त्यांचे उपाध्यक्षपद काढून घेतल्यावर त्यांनी तुटीत चाललेल्या या शालेय प्रशासनावर आणि आपल्या सहकाऱ्यांवरच ८ कोटी ७० लाख डॉलरचा दावा ठोकला, जो न्यायालयाने फेटाळला. हे सगळे होत असताना साडेबारा कोटी डॉलरची तूट डोक्यावर होती.

पैशाबाबतचा आक्षेप मी झटकणार नाही. रिकॉलच्या बाजूने सुमारे १९ लाख डॉलर जमले, तर विरोधकांकडे एक लाखही नव्हते. बड्या गुंतवणूकदारांच्या देणग्या त्यात होत्या आणि ही तफावत लोकशाहीच्या दृष्टीने वाईटच. तरी मोहीम सुरू केली ती दोन पालकांनी, त्यांतला एक भारतातून स्थलांतरित झालेला. प्रत्येक सदस्यासाठी ५१,३२५ सह्या लागत होत्या, जमल्या त्याहून बऱ्याच जास्त. शिवाय या शहरात २०१६ च्या सार्वमताने नागरिक नसलेल्या पालकांनाही शिक्षण मंडळापुरता मताधिकार मिळालेला आहे. आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचाला हटवायचे तर आधी तीन चतुर्थांश ग्रामपंचायत सदस्यांचा अविश्वास ठराव लागतो आणि मग ग्रामसभा मत देते. सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातच नागरिकांच्या सह्यांनी होते, त्यामुळे पैशाला शिरकाव मिळतो आणि पालकांनाही.

शेवटचा आक्षेप कमी मतदानाचा. मतदान सुमारे ३६ टक्के झाले हे खरे, जरी प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका गेली होती. नियमित निवडणूक नऊ महिन्यांवर असताना वेगळ्या मतदानाचा खर्च कशाला, हा विरोधकांचा प्रश्नही रास्त होता. त्या नियमित निवडणुकीत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सुमारे ६२ टक्के मतदान झाले. लोपेझ पुन्हा उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्याच मतदारांनी महापौरांनी रिक्त जागी नेमलेल्या तिघींपैकी ॲन सू यांनाही घरी बसवले. त्या रिकॉलच्या खंद्या समर्थक होत्या, पण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांविषयी त्यांनी उमेदवारीच्या काळात केलेले लेखी विधान लोकांना खपले नव्हते.