खुर्चीखालचा डबा

गेल्या आठवड्यात आमच्या बंदरावर ‘सागर कवच’ झालं. २६/११ नंतर सुरू झालेला हा सराव किनाऱ्यावरच्या माणसाला नवा नाही. पोलीस, तटरक्षक दल, नौदल, कस्टम सगळे उतरतात. त्यांच्यातलेच काही जण ‘रेड टीम’ होऊन मच्छीमारी होडीतून गुपचूप घुसायचं बघतात, उरलेल्यांनी त्यांना धरायचं. डमी बॉम्ब ठरल्या जागी ठेवता आला की ते जिंकले.

यंदा मात्र जिंकला आमचा बारक्या. इयत्ता सातवी.

बर्फ फॅक्टरीच्या मागे त्याला खोका सापडला, वर कागद चिकटवलेला : ‘बॉम्ब’. कार्ट्याने काय करावं? तिठ्यावर नाकाबंदीला बसलेल्या हवालदारांना सांगितलं, ‘काका, खाडीपलीकडे होडी लागली.’ जीप पूल ओलांडून गेली. परत येऊन बघतात तर हवालदारांच्या खुर्चीखाली तोच खोका, आणि कागदावर खाली पेनाने लिहिलेलं, ‘ढुम्म!’

संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता.

“दोन लावायला हव्या होत्या,” मास्तर तापले होते. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतो. “उद्या खरा बॉम्ब असला तर? पोरगं उचलून हातात घेऊन फिरतंय!”

“खऱ्यावर नाव लिवन ठेवतत काय मास्तरानू?” तात्या विडी विझवत म्हणाले. तात्यांनी चाळीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल म्हणून काढली. “आणि पोलिसांच्या खुर्चयेखाली खोको जाता, ता कोणाक दिसना नाय. ह्याका काय म्हणशात?”

“म्हणून खोटी वर्दी द्यायची? जीप तिकडे गेली, इकडे खरंच कोणी उतरलं असतं तर?”

हा मुद्दा बिनतोड होता. तात्यासुद्धा दोन मिनिटं गप्प. मग दुकानवाल्या भाऊने २०२२ ची हरिहरेश्वरची बोट काढली. तीन एके-४७ घेऊन वाहत आलेली, माणूस एकही नाही. अख्ख्या जिल्ह्याची झोप उडाली आणि शेवटी निघालं काय, तर मस्कतजवळ सोडून दिलेली कुणा परदेशी बाईची नाव. “तेव्हा कोणी म्हटलं का, उगाच धावलो?”

“भाऊ, तो सराव नव्हता.”

“तेच तर सांगतोय!”

भाऊ नक्की कोणाच्या बाजूने होता हे मला अजून कळलेलं नाही.

तात्या परत जमिनीवर आले. “त्र्याण्णवात मुंबयच्या स्फोटांचा आरडीएक्स शेखाडीक उतरला. ता काय पोरांनी उतरवल्यानी? कस्टमवाल्यांका शिक्षा झाल्यो, ईसारलात?”

आता मला राहवेना. आदल्या दिवशी मी तिठ्यावर पंपाच्या रांगेत होतो, म्हणून मला ठाऊक. बारक्या तेव्हाही आला होता. ‘काका, जेटीवर तीन माणसं उतरली, आपल्यातली नाहीत,’ असं त्याने त्याच हवालदारांना सांगितलं होतं. खोटं नाही, अगदी खरं. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, ‘जा, अभ्यास कर.’

“म्हणजे खरं सांगितलं तेव्हा कोणी हललं नाही,” मी म्हटलं, “आणि थाप मारली तेव्हा जीप सुटली.”

“म्हणून थाप बरोबर ठरते?” मास्तर.

नाही ठरत. पण २६/११ ला मुंबईत मच्छीमार नगरच्या लोकांनी त्या दहा जणांना उतरताना बघितलं होतं, कोण कुठले म्हणून हटकलंही होतं. मला त्या रात्रीची आठवण आली, एवढंच. मास्तर यावर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात स्वारीच आली. हातात पिशवी, पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या बाहेर. मास्तरांना बघून पाय मागे घ्यायला लागला.

“इकडे ये,” मास्तर म्हणाले. “मारत नाही. ती तीन माणसं आपल्यातली नाहीत, हे तुला कसं कळलं?”

बारक्याने आधी तात्यांकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

“मोजे होते पायात,” तो म्हणाला. “होडयेतसून मोजे घालून कोण उतरता?”

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. मास्तर म्हणाले, “उद्या संध्याकाळी घरी ये. गणिताची वही घेऊन.”

बारक्याचं तोंड बघण्यासारखं झालं. शिक्षा ती शेवटी झालीच.